छिद्रातली तार

रेसच्या जीपचं इंजिन पुन्हा जाम झालं, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

कॅमचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग हे इंजिनच्या ब्लॉकमध्ये हातोड्यानं ठोकून बसवलेलं कडं. त्याचं छिद्र ब्लॉकच्या छिद्रासमोर आलं, तरच कॅमला तेल मिळतं. मी ते नीट जुळवून बसवायचो. पण प्रत्येक वेळी इंजिन उघडलं की कडं फिरलेलं, छिद्र बंद आणि कॅम जळालेला.

अक्कलकोट रोडच्या गॅरेजात मी आणि अमरेश, आम्ही दोघंच भागीदार.

"माझ्या माघारी तूच फिरवतोस की," मी अमरेशला म्हणालो.

"लाज धर, शिवपुत्र. मी कशाला फिरवू?"

"मग बस समोर. माझ्या नजरेसमोर फिरलं नाही, तर उद्यापासून तू वेगळा, मी वेगळा."

भर दुपारी, रिकाम्या ब्लॉकमध्ये मी नवं कडं ठोकलं. दोन्ही छिद्रांतून तार आरपार घातली. ती सरळ उभी राहिली.

मग हळूहळू वाकायला लागली.

"हात काढ, अमरेश."

"माझे हात हितं हायत."

त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

मी चिडून कड्याला पक्कड लावली आणि ते मागं फिरवलं.

आतून कुणीतरी जोर वाढवला.