एकोणचाळीस

“एकोणचाळीस! दानेश्वरी, एकोणचाळीस बंद कर!”

मुकादम जोतिराम टॉवेल विणणाऱ्या मागांमधून ओरडत होता. खडखडाटात त्याचं अर्धं बोलणं बुडत होतं. दानेश्वरीनं सुताच्या कांड्या भरायचं सोडून मान वर केली. रांगांच्या आड काहीच दिसेना. दिसला तो एका मागाखालून बाहेर आलेला, जोडवी घातलेला पाय. तो फरशीवर घासत होता. गोजाबाई! मागाखालचा कचरा लोटायला ती आत्ताच केरसुणी घेऊन गेली होती. पदर मागाच्या फिरत्या पट्ट्यात सापडला असणार.

स्विचांचा बोर्ड दानेश्वरीच्या पाठीशीच होता. प्रत्येक मागाचं एक बटण, खाली रंगवलेला आकडा. ती धावली. बोट चाळीसवर गेलं आणि थांबलं.

चाळीस नव्हे. एकोण म्हणाला तो. एकोण म्हणजे एक जास्त, की एक कमी?

तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, कानडी मुलखातलं. तिकडं आधी मूवत्तु म्हणायचं, म्हणजे तीस, आणि मग ओंबत्तु, नऊ. जसं लिहायचं तसंच बोलायचं. लग्न होऊन सोलापुरात आल्यापासून ती या एकोणापाशी अडखळायची. परवाच एकोणपन्नासच्या कांड्या तिनं एक्कावन्नवर नेऊन टाकल्या होत्या. “साधं आकडं येत न्हाईत, कशाला येती गं कामाला?” जोतिराम सगळ्यांदेखत म्हणाला होता.

“अगं, कर की बंद! मरंल ती!” जोतिराम पुन्हा ओरडला.

पाय आता घासत नव्हता.

बोर्डाच्या टोकाला मेन स्विचचा लाल दांडा होता. त्याला हात लावायचा नाही, अशी मालकाची सक्त ताकीद. सगळे माग एकदम बसले की धागे तुटतात, साऱ्यांची मजुरी बुडते. दानेश्वरीनं दोन्ही हातांनी दांडा खाली ओढला.

अख्खा कारखाना गप्प झाला. मग चारी बाजूंनी आरडाओरडा उठला. “मेन कुणी पाडला रं?” ती गोजाबाईकडं पळत सुटली.

जोतिरामनं कात्रीनं पदर कापला होता. गोजाबाईच्या गळ्याभोवती लालभडक वळ उठला होता. तिला जोराचा ठसका लागला आणि तिनं घशातून आवाज करत श्वास ओढला. जोतिराम वाकून तिची पाठ चोळू लागला.

“चुकलं माझं, अण्णा,” दानेश्वरी रडत म्हणाली. “तुमी एकोणचाळीस म्हणला, मला ते कळलंच न्हाई. म्हणून मेन पाडला.”

“एकोणचाळीस म्हणलो मी?”

“व्हय. दोनदा.”

जोतिरामनं सावकाश मान वर केली. गोजाबाईला ओढून घेणाऱ्या मागावर पांढऱ्या रंगात ठळक लिहिलं होतं : २९.