साइडकारचं माप

आमच्या नारिन शहरातल्या थंडीत, चुलीशेजारी, मेलीसदादाची भंगारातून आणलेली मोटारसायकल पडून होती. हिवाळाभर तो तिचा गंज घासत होता आणि मी नटबोल्ट रॉकेलमध्ये धुऊन देत होते.

मागच्या वसंतात कॉलेजच्या रस्त्यावरून एका मुलीला लग्नासाठी गाडीत कोंबून पळवून नेलं. संध्याकाळपर्यंत तिच्या डोक्याला पांढरा रुमाल बांधून तिला पळवणाऱ्याच्या घरची सून केलं. तेव्हापासून त्या रस्त्यानं जाताना मला आणि माझ्या मैत्रिणीला, सायकालला, कापरं भरतं.

"बर्फ वितळू दे, तुला मीच सोडणार-आणणार. बघतोच कोण हात लावतो ते," दादा म्हणायचा. तेवढाच धीर होता.

आज साइडकार जोडून झाली.

"बस गं म्हशे, माप बघू."

मी हसत आत बसले. त्यानं माझ्या गुडघ्यांवर आडवी दांडी सरकवली आणि बाहेरून कडी घातली.

"आता मार उडी."

मी खूप धडपडले, पण निघता येईना. "दादा, काढ ना! भीती वाटतेय मला!"

आतल्या खोलीत आई पांढऱ्या रुमालाला इस्त्री करत होती.

दादा खूश झाला.

"सायकाल अंगापिंडानं तुझ्याएवढीच आहे ना गं?"