फोडली की फुटली

यंदापासून कॉलेजने प्रवेशपरीक्षेचे गुण कळवणं ऐच्छिक केलं होतं, म्हणून कुलूपवाल्याच्या मुलीने अर्जासोबत नुसता निबंध पाठवला. मुलाखतीत प्राध्यापकबाईंनी तो पुढे सरकवला. "खरं सांग, कुणी लिहून दिला?" मुलगी म्हणाली, "मॅडम, कोरा कागद द्या. विषय तुम्हीच सांगा." बाईंनी 'वडिलांची चूक' हा विषय दिला. मुलगी तिथेच लिहायला बसली. एका आजींचं अडकलेलं कुलूप काढताना वडिलांनी घाईत दाराची काच फोडली आणि दुसऱ्या दिवशी पदरमोड करून नवी बसवली होती. ते तिने जसंच्या तसं उतरवलं. वाचताना बाईंनी 'फोडली' खोडून 'फुटली' केलं. "वडिलांबद्दल जरा जपून लिहावं." "मॅडम, काच आपोआप नव्हती फुटली. बाबांनीच फोडली." बाई हसल्या. स्वतःचीच दुरुस्ती खोडून त्या म्हणाल्या, "सोमवारपासून वर्गातही अशीच भांडत जा."