शेवटची अट

परदेशात जागतिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं, तर दोन वर्षं प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. डॉक्टर उत्कर्षानं तो हिंजवडीत आयटी कंपन्यांच्या इमारती बांधणाऱ्या मजुरांच्या वस्तीत क्षयरोग्यांना तपासून मिळवला. आता प्रवेशासाठी छातीचा एक्स-रे दाखवायची एकच अट उरली होती. बिबवेवाडीच्या तपासणी केंद्रात आई हौसेनं सोबत आली. फिल्म दिव्यावर लावताच उत्कर्षा हादरली. फुप्फुसावर तिच्या ओळखीचा पांढुरका डाग होता. "अहो, ही माझी नसणार!" "मॅडम, कोपऱ्यात तुमचंच नाव आहे," तंत्रज्ञ म्हणाला. "झालं ना गं?" म्हणत आई जवळ आली. "आई, लांब राहा!" उत्कर्षा ओरडली. दचकलेल्या आईला खोकल्याची उबळ आली. हा खोकला धुळीचा, असं महिनाभर उत्कर्षाच सांगत आली होती. आईचा हात धरून तिनं तंत्रज्ञाला सांगितलं, "आता हिचा एक्स-रे काढा."