भोईवाड्याची रेषा

मागच्या निवडणुकीत प्रभाग आखणाऱ्या यंत्राने भोईवाड्याचे चार तुकडे केले आणि भोई चारही प्रभागांत हरले. मतदानाच्या सकाळी माणूस जिथे असेल, त्यावरूनच यंत्र प्रभागांच्या रेषा आखतं. म्हणून या वेळी मासेमारीची जाळी घरीच ठेवून सगळा वाडा समाजमंदिरात येऊन बसला.

सहा वाजता रखमाच्या मोबाइलवर नकाशा आला. अख्खा वाडा एकाच प्रभागात होता.

"जिंकलो की," ती म्हणाली.

"एकच जागा," तिचा नवरा धोंडू म्हणाला. "ती निम्म्या मतांतही आली असती. उरलेले निम्मे शेजारच्या प्रभागात असते, तर तिथलीही जागा आली असती."

"मग निम्म्यांनी घरी थांबायचं होतं?"

"बहुतेक."

रखमाने खचाखच भरलेल्या समाजमंदिरावरून नजर फिरवली. "कोणत्या निम्म्यांनी?"