जुनी पिशवी पुढे

ठाकुरवाडीहून आलेल्या जानकीबाईनं लेकीचा फ्रीज उघडला आणि ती हरखलीच. दुधाची जुनी पिशवी पुढे, ताजी मागे. "माहेरी तुझ्या हातून सारखं दूध नासायचं. कुणी लावलं गं हे वळण?"

उज्वला कणीक मळत राहिली.

"अगं, कुणी?"

उज्वलानं मान वळवली. "या बाजूनं बोल, आई. डाव्या कानाला ऐकू येत नाय. दिवाळीत दूध नासलं, तवापासून."

संध्याकाळी जावई कामावरून आला. चहात ओतताच दूध फाटलं. शिवी हासडून त्यानं उज्वलावर हात उगारला, तोच पाट्यावरचा वरवंटा त्याच्या डाव्या कानावर बसला. तो कळवळत खाली कोसळला.

जानकीबाई त्याच्या उजव्या कानाशी वाकली.

"दूध चांगलंच होतं, जावईबापू. लिंबू मी पिळलं."