तिसरी ओळ

“आता तेच गाणं त्या कोपऱ्यातल्या स्पीकरवर लावा,” ती म्हणाली.

दुकानदाराच्या कपाळावर आठी चढली. चार स्पीकर आणि दोन हेडफोन ऐकून झाले होते. बाई शिवणकाम करणारी, मापात तसूभरही इकडचं तिकडे चालवून न घेणारी. “ताई, तो कोणी घेत नाही. ऐकतात आणि परत ठेवतात. स्वस्त असूनही पडून आहे.”

“म्हणूनच लावा.”

शेजारी तिचा नवरा उभा होता. गाणं त्याचं, आवाजही त्याचाच. शिलाई मशीनच्या खोलीत रेकॉर्ड केलेलं. आवाज आणि वाद्यांचा मेळ तिने बसवलेला. ‘शब्द ऐकू येत नाहीत’ म्हणून रेडिओवाल्यांनी ते दोनदा परत पाठवलं होतं. आता शेवटची संधी, तीही परवापर्यंत. मघाशी चकचकीत मोठ्या स्पीकरवर आवाज असा काही घुमला होता, की गडी उभ्या जागी दोन बोटं उंच झाला होता. त्याचं मन तिथेच अडकलं होतं.

कोपऱ्यातला स्पीकर सुरू झाला आणि त्याचा चेहरा पडला.

“हा नुसता डबा आहे. माझा आवाज कसा बारीक करून टाकला बघ.”

ती डोळे मिटून ऐकत होती. “ड्रम फार झालेत. आपल्या जुन्या हेडफोनमध्ये ते नीट ऐकूच यायचे नाहीत, म्हणून मी वाढवत गेले. शब्द त्यांच्याखाली दबले. ही चूक माझी.”

“मग? माझा आवाज दबतोय, हेच तर मी घरी सांगत होतो.”

“आणि तिसऱ्या ओळीत तुमचा सूर उतरतोय.”

दुकानदार उगाचच एक वायर गुंडाळू लागला. नवऱ्याला ते फार लागलं. वीस वर्षांत बायकोने त्याच्या गाण्याला कधी नाव ठेवलं नव्हतं, आणि आज ठेवलं ते परक्या माणसासमोर.

“त्या मोठ्यावर नव्हता उतरत.”

“उतरत होता, पण कळत नव्हता. मी कोट शिवला की उलटा करून बघते. सुलट बाजूने कुठलीही शिलाई नीटच दिसते.” तिने पर्स उघडली. “हाच द्या. अहो, घरी गेल्यावर ती ओळ पुन्हा गाऊ. जमेल तुम्हाला.”

ते ‘जमेल’ तिने इतक्या सहज म्हटलं, की त्याला भांडायला जागाच उरली नाही.

दुकानदार वायर काढायला वाकला.

“थांबा,” नवरा म्हणाला. “तिसरी ओळ परत एकदा लावा.”

ओळ वाजली. परत वाजली. तो स्पीकरसमोर खाली बसला. दुकानदाराला त्याची दया आली असावी. “थोडा घुमारा वाढवतो, बरं वाटेल,” म्हणत त्याने बटणाकडे हात नेला.

नवऱ्याने तो हात अलगद बाजूला केला.

“असू द्या. मला तो उतरलेला सूरच ऐकायचाय.”